वस्तऱ्याचे पाणी

वाचकहो, खंडेनवमीला आपल्या घरी पाटावर काय काय मांडतात ते आठवून पाहा. विळा, खुरपे, कुऱ्हाड, कोयता, औताचा फाळ. आता त्यांच्या जोडीला मोटारपंपाचे पाने आणि ट्रॅक्टरची चावीही आली आहे. जळकोट, अहमदपूर, कंधार, मुखेड या पट्ट्यात माळवदाची जुनी घरे अजून उभी आहेत. अशा घरात या पाटावर कधी कधी आणखी एक वस्तू येते. ती म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा वस्तरा. वर्षभर तो देवळीत नाही तर पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला असतो. त्या दिवशी बाहेर निघतो, हळदकुंकू घेतो आणि पुन्हा आत जातो.

मग एखाद्या वर्षी घरातला तरुण मुलगा तो उघडून पाहतो. पात्यावर गव्हावर पडावा तसा तांबेरा चढलेला, धारेला दोन खांडे, मूठ ढिली झालेली. तो म्हणतो, "याला जरा धार लावून आणू का?" आणि बाजारच्या दिवशी तो वस्तरा धारवाल्याच्या फिरत्या चाकाखाली जातो. चर्रकन ठिणग्या उडतात. दोन मिनिटांत पाते चकाकू लागते. मुलगा खूश होऊन घरी येतो. पण त्या वस्तऱ्याने पुन्हा कधीही दाढी होत नाही. तो आता भाजी चिरण्याच्याही कामाचा उरत नाही.

असे का होते, आणि ते कसे टाळावे, हे आज आपण पाहू या. वस्तरा घरात नसला तरी हे वाचून ठेवा. विळ्या-कोयत्यालाही हाच नियम लागू आहे.

पोलाद आपल्या शेजारचे

धार ही पोलादाची असते, आणि चांगल्या पोलादासाठी आपला हा मुलूख एके काळी जगात नावाजलेला होता. नांदेडच्या पूर्वेला, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. आपण आणि ते, दोघेही १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होतो. तिथले कारागीर मातीच्या मुशीत लोखंड घालून, तोंड लिंपून, भट्टीत तासन् तास तापवत आणि पोलादाची वडी काढत. ती विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी तिथवर येत. डॉ. व्हॉयसी यांनी हे काम पाहून लिहिलेला वृत्तान्त १८३२ साली कलकत्त्यात छापला गेला. या मुशीतल्या पोलादाला इंग्रज 'वूट्झ' म्हणत.

दक्षिणेतल्या अशा पोलादाचे नमुने मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास लंडनला पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट नावाचे शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे बनवणारे नामांकित कारागीर होते. त्यांनी ते वापरले आणि पातळ धारेच्या हत्याराला ते फार उत्तम असल्याचे सांगितले. पुढे १८२० च्या सुमारास याच स्टोडार्टांबरोबर मायकेल फॅरडे यांनी पोलादावर प्रयोग केले. विजेच्या शोधांमुळे ज्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात येते तेच हे फॅरडे, आणि ते लोहाराचे पुत्र. त्यांनी पोलादाच्या पाचशे भागांत एक भाग चांदी घालून पाहिली. पुढे शेफील्डच्या कारखानदारांनी वस्तऱ्यावर 'सिल्व्हर स्टील' असा छाप मारण्याचा सपाटाच लावला. तुमच्या घरच्या पात्यावर हा छाप असेल तर त्यात चांदी निघेल अशी आशा मात्र धरू नका. बहुतेक वेळा ते नुसते नावच होते.

असे हे चक्र फिरले. पोलादाची कीर्ती इथून विलायतेला गेली, आणि तयार वस्तरे इंग्लंडमधल्या शेफील्डहून आणि जर्मनीतल्या सोलिंगेनहून परत आपल्या गावात आले. आपल्या वारकाच्या धोकटीत आरसा, वाटी, नराणी, कात्री आणि चामोटीबरोबर हा वस्तरा असे. खळ्यावर रास झाली की त्याचे बलुते म्हणून ज्वारी मिळे. वर्षाचे पोट त्या धारेवर, म्हणून तो तिला जिवापाड जपे.

पाठ, धार आणि सूत

वस्तरा उघडून हातात घ्या, पण जपून. वरची जाड कड ती पाठ, खालची ती धार. पाते आडवे कापून पाहिले असते तर ते पाचरीसारखे दिसले असते. जुने वस्तरे खरोखरच भरीव पाचरीसारखे जड असत. नंतरच्या वस्तऱ्यांच्या दोन्ही बाजू पन्हाळीसारख्या खोलगट घासलेल्या असतात. त्यामुळे धारेजवळ पाते कागदाइतके पातळ होते.

सुतार आणि गवंडी सुतात मोजतात, एका इंचाला आठ सूत. वस्तराही तसाच मोजतात. बहुतेक वस्तरे पाच सुती, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंद. अशा पात्याची पाठ साडेचार मिलिमीटरच्या आसपास जाड असते. दगडावर पाते आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, आणि धारेचा कोन आपोआप सोळा अंशांच्या जवळपास येतो. कारागिराला कोन डोळ्यांनी धरावा लागत नाही, पाठच तो धरून ठेवते. ही फार हुशारीची रचना आहे.

आता समजा, कोणी चाकावर धरून खांडे काढताना पाते एक सूत खाऊन टाकले. रुंदी चार सूत उरली, पाठ तेवढीच जाड. कोन सोळाचा वीस झाला. तेवढ्याने धार दाढीच्या केसावर अडखळते आणि कातडी ओरबाडते. म्हणजे नुकसान नुसते एका सुताचे नसते.

पाणी म्हणजे काय?

त्याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आपण म्हणतो, लोहाराने हत्याराला पाणी दिले. त्याचा अर्थ असा : पोलाद लालभडक तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते काचेसारखे कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा बेताने तापवतात. उजळलेल्या पोलादावर वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग आला, म्हणजे सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला पोचले, की थांबायचे. कठीणपणा राहतो आणि ठिसूळपणा कमी होतो. वस्तऱ्याचे सगळे मोल या पाण्यात आहे.

हेच पाते कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर धरले तर काय होते? पाठ जाड, ती उष्णता सोसते. धार कागदासारखी, ती क्षणात तापते. तीनशे अंशांच्या आसपास ती निळी पडते. निळी पडली की तिथले पाणी उतरले. चाकाखालून निघाल्यावर ती निळी रेघ पुसून काढता येते, पण उतरलेले पाणी पुसून परत येत नाही. वरून चकाकणारी धार आतून मऊ झालेली असते. एका दाढीत ती वळते.

यात धारवाल्याचा दोष काढू नये. त्याचे चाक विळा, कात्री आणि कोयत्यासाठी आहे, आणि ते काम तो चोख करतो. वस्तरा त्या चाकाचा नव्हे, एवढेच. मात्र विळा-कोयत्यालाही निळा रंग येऊ देऊ नका. "दादा, मधे मधे पाण्यात बुडवा" असे सांगायला संकोच कसला?

आधी पारख करा

वस्तरा दुरुस्तीला घेण्याआधी भर उजेडात पाहा. पहिली गोष्ट, चीर. पात्याला केसाएवढी चीर धारेपासून वर गेलेली असेल तर तो वस्तरा फक्त पूजेचा समजावा. दाढी करताना तुकडा उडाला तर गालावर कायमची खूण राहील. चीर डोळ्यांना दिसली नाही तर पाते मोकळे धरून नखाने हलकेच टिचकी मारा. चांगले पाते खणखणते, चिरलेले बद्द वाजते.

दुसरी गोष्ट, गंज. वरवरचा लाल गंज निघतो. काळ्या खड्ड्यांचा गंज पोलादात उतरलेला असतो. तो पात्याच्या मधे असेल तर राहू द्या, दाढीला त्याची बाधा नाही. धारेवर असेल तर खड्डे संपेपर्यंत पोलाद काढावे लागेल. तिसरी गोष्ट, खांडे. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे खांडे दगडावर निघू शकतात, त्याहून मोठे असेल तर जाणत्याकडेच काम द्यावे.

चौथी गोष्ट, मूठ. शिंगाची मूठ तेलाचे बोट फिरवले की पुष्कळ सुधारते. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी मात्र कालांतराने कुजतात आणि त्यांच्या वाफेने पाते गंजते. तशी मूठ काढून लाकडाची किंवा शिंगाची बसवून घ्यावी. मूठ हस्तिदंताची असेल तर ती घरातच राहू द्या. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे.

गंज काढण्याची रीत

काम सुरू करण्याआधी लहान मुलांना दूर बसवा. धारेवर चिकटपट्टी लावा. पाते सपाट लाकडी पाटीवर टेकवा, हातात अधांतरी धरून घासू नका. हलके मशीन तेल लावून एक रात्र राहू द्या. दुसऱ्या दिवशी मऊ फडक्याने पुसा. बराच तांबेरा त्यातच निघून येतो.

राहिलेल्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्या. आधी ६०० नंबरचा, मग १०००, मग २०००. तेलात भिजवून पाठीकडून धारेकडे एकाच दिशेने न्या. हात कधीही धारेच्या वाटेत येऊ देऊ नका. जुनी माणसे चुलीची चाळलेली राख वापरत, तीही शेवटच्या उजाळ्याला चालते.

मायबहिणींना एक विनंती. तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेने आणि लिंबाने लखलखीत करतो, पण तो उपाय वस्तऱ्याला करू नका. आंबट रस पोलाद खातो आणि धार आधी खातो. तसेच गंज सुटावा म्हणून पाते चुलीवर तापवू नका. पाणी कसे उतरते ते वर सांगितलेच आहे. गंजलेल्या पात्याने हात कापला तर जखम धुऊन दवाखान्यात जावे आणि धनुर्वाताच्या सुईबद्दल विचारावे.

पाते पुन्हा घासणे

कधी कधी नुसत्या सफाईने भागत नाही. खांडे खोल असते, धार मधे झिजून खोल गेलेली असते किंवा पूर्वी कोणी वेडीवाकडी घासलेली असते. तेव्हा पात्याची पन्हाळच नव्याने घासावी लागते. हे काम हौसेने जपणारे कारागीर आजही जगात आहेत. त्यांची रीत समजून घेतली म्हणजे आपल्या बाजारच्या चाकात आणि त्यांच्या चाकात काय फरक आहे ते कळते.

ते आधी पाते दगडावर उभे धरून धार सरळ करतात, म्हणजे खांडे संपते आणि रेघ एकसारखी होते. मग दोन्ही बाजू आळीपाळीने, सारख्याच वेळा चाकावर नेतात. मोठ्या चाकाने पन्हाळ उथळ होते, लहान चाकाने खोल. हातात जाड मोजे घालत नाहीत. उघड्या बोटाला पाते कोमट लागले की लगेच पाण्यात बुडवतात. बोटाला चटका बसतो तेव्हा पोलाद पिवळे पडण्यापासून अजून फार दूर असते, म्हणून बोट हाच त्यांचा भरवशाचा मापक. अगदी धारेपर्यंत ते चाकाने जातच नाहीत. शेवटचा भाग हाताने, दगडावर. आणि पाते अरुंद झाले असेल तर त्या मानाने पाठही पातळ करतात. चार सुती पात्याला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास पाठ ठेवली की कोन पुन्हा सोळा अंशांवर येतो.

एका पात्याला तास लागतात, दोन मिनिटे नव्हेत. यात डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके हवेच. शेफील्डच्या सानेवर बसणाऱ्या कामगारांची फुफ्फुसे दगडाच्या धुळीने कुजत आणि त्यातले कित्येक ऐन उमेदीत मरत. आपल्या धारवाल्यालाही नाकाला रुमाल बांधायला सांगा.

आपल्याकडे हा हुन्नर नव्हता असे नाही. हत्यारे उजळणाऱ्या शिकलगारांचे नावच मुळी उजाळा या अर्थाच्या 'सैकल' या अरबी शब्दावरून आले. कुरुंदाची पूड लाखेत घालून केलेली त्यांची चाके प्रसिद्ध होती. नांदेडला हुजूर साहिबात दिवाळीच्या आधी तख्तस्नान होते. तेव्हा गोदावरीचे पाणी आणून तिथली जुनी शस्त्रे स्वच्छ करतात. शस्त्र जपायचे असेल तर दरवर्षी हात फिरला पाहिजे, हे तिथे पाहून कळते.

दगड आणि चामोटी

पात्याची सफाई झाली, खांडे गेले, की धार. त्यासाठी सपाट दगड लागतो. घरचा निसणा मधे खोलगट झालेला असतो, तो विळ्याला ठेवा. शहरातल्या हत्यारांच्या दुकानात दोन बाजूंचे दगड मिळतात. आधी १००० नंबर, मग ४००० ते ६०००, शेवटी ८००० किंवा त्याहून बारीक.

दगड ओला करा. पाते पूर्ण आडवे टेकवा, पाठ आणि धार दोन्ही. धार पुढे, पाठ मागे, अशी पाते ढकला. टोकाला पोचल्यावर पाठीवर उलटवा, धारेवर कधीच नाही. जोर लावू नका, पात्याचे वजन आणि वर बोटाचा आधार पुरे. ज्याला घाई आहे त्याने हे काम दुसऱ्या दिवसावर टाकावे. अति तेथे माती ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते : दगडावर जास्त घासले तर धारेचा पापुद्रा होऊन ती गळून पडते.

मग चामोटी. इथे उलट चालावे. पाठ पुढे, धार मागे. चामडे ताणून धरा, चाळीस-पन्नास हात फिरवा. चामोटी पोलाद फारसे काढत नाही, धारेची वळलेली कड सरळ करते. दर दाढीआधी चामोटीवर परजले तर दगडाची गरज महिनोन् महिने पडत नाही. धार अंगठ्याने तपासू नका. मनगटावरचा केस कातडीला न टेकता तुटला की समजा, झाले.

एक वस्तरा, एक माणूस

आता सर्वांत महत्त्वाचे. दुरुस्त केलेला हा वस्तरा घरातल्या एकाच माणसाने वापरावा. बापलेकांनी, भावाभावांनी सुद्धा वाटून घेऊ नये. दाढीत नकळत बारीक जखमा होतात. काविळीचा 'बी' प्रकारचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली आढळले. त्यानंतर सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड घालण्यावर भर दिला गेला. तुम्ही सलूनमध्ये जाता तेव्हा ब्लेड डोळ्यांदेखत बदलून घ्या. आपले वारीक बंधू त्यात कमीपणा मानत नाहीत.

वस्तऱ्याला हात जोडताना आणखी एक आठवण ठेवावी. जुन्या गावगाड्यात हा वस्तरा गावातल्या प्रत्येकाच्या गालावरून फिरत नव्हता. दलितांची दाढी करायची नाही, अशी रीत गावाने घालून दिली होती. १९५५ च्या कायद्याने ती गुन्हा ठरली. आणि हाच वस्तरा विधवांच्या डोक्यावर मात्र जबरदस्तीने फिरवला जात होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि आम्ही विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी जाहीर केले. ज्या कामावर पोट, त्याच कामाला नाही म्हणायला धैर्य लागते. संत सेना महाराजांचा वारसा सांगणाऱ्या या समाजाने ते दाखवले.

पूजेनंतर

वाचकहो, येत्या खंडेनवमीला वस्तरा पाटावर मांडाल तेव्हा एवढे करा. कुंकू ओले करून पात्याला लावू नका, मुठीला लावा. फुलांचे पाणी पात्यावर सांडले तर लगेच पुसा. कोरड्या सुती फडक्याने पुसून, मशीन तेलाचा एक थेंब बोटाने पसरून, मगच ठेवा. कातडी म्यानात किंवा बंद डबीत पावसाळ्यात ओल धरते. त्यापेक्षा तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी, मुलांच्या हाताला न लागेल असा ठेवा.

आणि कोणी म्हणाले, "आणू का धार लावून?" तर त्याला आधी हा लेख वाचायला द्या. गंजलेला वस्तरा आणखी दहा वर्षे थांबू शकतो, आणि योग्य हाती पडला की पुन्हा दाढी करू शकतो. पाणी उतरलेल्या पात्याला मात्र पुन्हा पाणी द्यायचे म्हणजे भट्टीत घालावे लागते. इतके पातळ पाते त्यातून सरळ आणि शाबूत बाहेर येईल याची हमी कोणताच लोहार देणार नाही.